ओढ्यावरच्या चाकाला मीटर

"हळू बोला सायेब, गडी निजलाय." मीटर वाचायला गेलो की औंढ्याचे आबा आधी ओठांवर बोट ठेवत आणि मग डोळ्यांनीच भिंतीवरचा मीटर दाखवत. चकती खरोखरच हलत नसे.

मी तेव्हा लोणावळ्याच्या वीज कचेरीत होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला, हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. आबांना सांगितलं, तर म्हणाले, "ब्येस झालं. मग येवढं सांगा, निजलेल्या गड्याला कुनी मजुरी देतं का?"

मजुरी म्हणजे मीटरभाडं. तुम्हीही भरलं असेल. वीज जाळा की न जाळा, ते येतंच. आबांना ते झोंबायचं, कारण पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत ते आमची वीज घेतच नसत. घरामागच्या ओढ्यावर त्यांनी लाकडी चाक बसवून त्याला भंगारातल्या ट्रकचा डायनामो जोडला होता. त्यावर तीन दिवे लागत: घरात, गोठ्यात आणि शेजारच्या मावशींच्या दारात. आबांची मुलं मुंबईला. मावशीही एकट्याच, त्यात डोळ्यांनी अधू. ओढा आटला की आबा आमची वीज घेत, मावशी कंदील.

एका दसऱ्याला आबांनी नांगर, पहार, चाक पूजलं आणि 'निजला तरी घरचाच गडी' म्हणून मीटरच्या काचेवरही बोटभर हळदकुंकू थापलं. आकडे दिसेनात. मी रुमाल काढला, तर आबा आडवे आले. "देवाचं हाय ते. आपसूक गळू द्या."

मी खरं तेच लिहिलं: 'पूजेमुळे वाचता येत नाही.'

दुसऱ्याच दिवशी आमचे साहेब जीप घेऊन हजर! मीटर राहिला बाजूला, त्यांना दिसलं चाक आणि मावशींकडे गेलेली तार.

"दुसऱ्याला वीज देता? मग चाकालाही मीटर लागेल. त्याचं भाडं वेगळं. नाहीतर ती तार काढा."

"चाक माजं, पानी डोंगराचं, आन् भाडं तुमाला?"

"आमच्या ग्राहकाला नियम आहे, आबा."

"आन् गिऱ्हाईक न्हाई ऱ्हायलो तर?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तर नियम लागत नाही," मी म्हणालो.

मावशी दारातूनच ओरडल्या, "आबा, तोडा ती तार! माज्यापायी उनाळाभर अंधारात बसू नगा."

"तुमी गप ऱ्हावा. अंधारात कसं बसायचं ते तुमीच शिकवाल की."

वायरमननं मीटर उतरवला, पण कचेरीत आणला तो आबांनीच. पाटीत, तांदळावर ठेवून, सोबत नारळ. "सालगडी सुटला की नारळ देत्यात, सायेब. ह्यो घ्या." साहेबांनी मीटर जमा करून घेतला. आबांनी नारळाचीही पावती मागितली, तेव्हा साहेब घामाघूम. शेवटी तो फोडून सगळ्या कचेरीनं खाल्ला.

त्यानंतरचे उन्हाळे आबा आणि मावशींनी ओट्यावर एकाच कंदिलात काढले, रॉकेल कुणाचं यावर भांडत.

आबा गेल्याचं कळलं, तेव्हा श्रावण होता. तिन्हीसांजेला पोचलो, तर मावशी ओढ्यात उभ्या, हातानं चाचपत चाकात अडकलेला पाला काढत होत्या.

"कोन हाय? भाडं मागाया आला असाल तर मागारी फिरा."

"मी मीटरवाला, मावशी. भेटायला आलोय."

"मग हुबं काय ऱ्हाताय? मला पाला दिसत न्हाई. काढा."

मी पँट दुमडून पाण्यात उतरलो. पाला निघाला, तसं चाक कुरकुरत फिरू लागलं. मावशींच्या दारातला दिवा आधी लालसर झाला, मग पिवळा. त्यांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"आबाकडं लागला का, बगा."

कुलूपबंद घराच्या खिडकीत उजेड दिसत होता.

"लागला, मावशी."

"मंग ठीक," म्हणत त्या पुन्हा पाल्यासाठी वाकल्या.