धुळाजीनानांची शिकलेली मांजर

मेंढरं पुतण्याच्या हवाली केली, पण धुळाजीनानांना घरात बसायची सवय काही लागली नाही. गुडघे गेले होते, त्यामुळं रानात जायचा प्रश्नच नव्हता. आवाज मात्र शाबूत होता. सकाळपासून ते ओट्यावर बसायचे आणि गल्लीतनं जाणाऱ्या प्रत्येक जनावराला वळण लावायचे. शेळी वाट सोडून चालली की यांची शिट्टी, बैल उधळला की यांची हाळी. माणसांनाही हाळी तीच. सून सुकन्या शेजारणींना म्हणायची, "मामा जेवायला वाढ म्हनत्यात का कळपात ये म्हनत्यात, कळतच न्हाई."

घरात सोयाबीनची पोती होती, म्हणून उंदीर होते, म्हणून सुकन्यानं केजच्या माहेरातनं एक मांजर आणली. पिशवीत घालून, एसटीनं. पिशवीतनं उतरल्या उतरल्या तिनं सगळ्या घराची पाहणी केली, पाण्याच्या माठाला नाक लावलं आणि काहीच पसंत नसल्यासारखी पोत्यांवर जाऊन बसली.

"ही तर कलेक्टरीनच आली की!" नाना म्हणाले. नाव तेच पडलं.

उंदरांचा बंदोबस्त तिनं झटक्यात केला. पण एका दुपारी नानांच्या घोंगडीवर घाण करून ठेवली. ती घोंगडी म्हणजे नानांचा जीव. उभी हयात रानात त्यांच्या खांद्यावर राहिलेली. दुसऱ्या कुणी तिची घडी घातलेलीही त्यांना चालायची नाही. मांजर आता बाहेर जाणार, असं त्यांच्या बायकोला, ताराबाईंना वाटलं. पण नाना शांतपणे म्हणाले, "जनावर वाईट नसतंय. त्याला जागा दावावी लागती."

"मेंढरांना कुटं दावली व्हती तुमी जागा? ती तर चालता चालताच करायची."

"म्हनून तर हे काम नवं हाय," नाना म्हणाले. रिकामं बसून कंटाळलेल्या माणसाच्या डोळ्यांत चमक आली होती.

आधी त्यांनी दरडावून बघितलं. कलेक्टरीन पत्र्यावर गेली. मग मान धरून तिला अंगणात नेलं, तर तिनं नानांच्या नाकावर ओरखडा काढला. शेवटी नाना गप बसून तिच्याकडं बघत राहिले. ती कोब्यावर पंजा घासायची आणि वैतागून निघून जायची. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की हिला उकरायला मोकळी माती पाहिजे, आणि आपल्या अंगणात तर सगळा सिमेंटचा कोबा.

पलीकडं शेजारच्या अंगदचं नवं घर बांधायला चाललं होतं. दारात वाळूचा ढीग, मऊसूत.

मग रोजचा नेम ठरला. मांजरीचं जेवण झालं की नाना तिला काखेत मारायचे, लंगडत ढिगाशी जायचे, तिला वाळूवर ठेवायचे आणि स्वतः पाठ करून उभे राहायचे.

"तोंड कावून फिरवलं?" ताराबाईंनी विचारलं.

"अगं, कुनी बघत बसल्यावर कशी करील बिचारी?"

हळूहळू कलेक्टरीन आपली आपण जायला लागली. हॉटेलात चहा पिताना नाना सगळ्यांना सांगायचे, "आमची मांजर शिकली. घरात एक थेंब न्हाई." कुठं जाते, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "जाती पलीकडं."

पलीकडं गवंडी वाळू चाळताना शिव्या घालायचा. अंगदला वाटलं, कुत्री येतात. त्यानं ढिगावर बाभळीचे काटे टाकले. नाना रोज सकाळी ते बाजूला सारायचे.

घर पुरं झालं. उरलीसुरली वाळू गिलाव्यात गेली आणि वास्तुशांतीचा दिवस उजाडला. जागा नाहीशी झाल्यामुळं कलेक्टरीन सकाळपासून ओरडत फिरत होती. पण नाना नवा फेटा बांधून अंगदकडं पुढच्या रांगेत जाऊन बसले होते. पाहुणे लांबून लांबून, पार धर्मापुरीहून आले होते. गुरुजींनी होमासाठी बाजूला काढून ठेवलेल्या चाळलेल्या वाळूचा चौकोनी ओटा केला, वरून हात फिरवून सपाट केला, भोवती हळदीकुंकू वाहिलं.

तेवढ्यात दारातनं कलेक्टरीन आली.

नानांनी तिला धरायला हात पुढं केला. ती पाहुण्यांच्या मांड्यांवरनं सरळ पुढं गेली. वाळूचा वास घेतला, नीट उकरलं आणि डोळे मिटून बसली. गुरुजींचा मंत्र अर्ध्यात थांबला. कलेक्टरीननं काम उरकलं, वर वाळू ओढली, तेव्हा नानांना राहवलं नाही.

"बगा! येवढी फरशी मोकळी हाय, पन वाळूतच! मी शिकिवलीय!"

अंगद सावकाश वळला. "नाना, म्हंजी त्या ढिगात..."

"थोडीच रे."

"आन काटे?"

"ते टोचत व्हते ना तिला."

पहिल्यांदा हसली ती अंगदची आई, बायनाबाई. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की पाहुण्यांनाही आवरेना. "अंगद, तरीच म्हनलं रे, गिलाव्याला कसला वास येतोय!"

गुरुजी मात्र हसले नाहीत. "दुसरी वाळू आणा," एवढंच म्हणाले.

अंगदनं नानांना मोटरसायकलवर मागं बसवलं आणि नदीवर नेलं. तिथं फेटा काढून, गुडघे धरत, नानांनी स्वतः पोतं भरलं. परत येईस्तोवर पाहुण्यांचे चेहरे भुकेनं उतरले होते. पंगत पार उन्हं कलल्यावर बसली. नाना ओशाळून घरी निघाले, तर बायनाबाईनं हाताला धरून त्यांना पाटावर बसवलं. अंगदनं तोंड वाकडं करूनच वाढलं, पण बुंदी दोनदा वाढली.

पुढच्या बाजाराला नानांनी वडवणीहून एक घमेलं आणलं, वाळूनं भरून आपल्याच ओट्याखाली ठेवलं. कलेक्टरीनला ते पटायला वेळ लागला, पण पटलं.

मग एक दिवस मागच्या गल्लीतली मंगल टोपलीत पिल्लू घेऊन आली. "नाना, हिलाबी जरा शिकवा की. गादी पार खराब केली हिनं."

नानांनी टोपलीत वाकून बघितलं आणि चपला पायात सरकवल्या. "शिकवू की. आदी सांग, हिचं जेवन कवा व्हतंय?"