वहीम आमच्यावरच!

लोणावळ्यात भाड्याच्या बंगल्यांवर राबणारी आम्ही चार माणसं चहाला बसलो, की वहिमाचे किस्से निघतातच. वहीम म्हणजे संशयच हो. पण संशय नुसता मनात येतो, वहीम कुणावर तरी घ्यावा लागतो. अन् स्वयंपाकीण, माळी, वॉचमन समोर असताना पाहुणे लांब कशाला जातील?

*

स्वयंपाकीण म्हणजे मीच. एक ताई पातेल्यात पळी फिरवत म्हणाल्या, "मावशी, डाऊट नाही हं, पण लेग पीस दोनच कसे?"

"ताई, कोंबडी एकच आणलीत ना तुम्ही!"

*

आमच्या किसन माळ्याला एका साहेबांनी सकाळीच धरलं. दारूच्या बाटलीवर पेनाने खूण केलेली अन् दारू खुणेच्या खाली गेलेली! "माळकरी मानूस हाय वो मी!" किसन रडकुंडीला आला. तेवढ्यात साहेबांचे सासरे आतून डुलत आले.

"जावईबापू, सोडा हाय का अजून?"

*

पण दरवेळी हसू येत नाही. रशीदभाई आमचे केअरटेकर. बंगल्यामागच्या खोलीत ते, जुबेदाभाभी आणि बारावीची लेक राहतात.

एकदा सकाळी पाहुण्या बाईंची सोन्याची चेन दिसेना. "स्टाफशिवाय आत कोण येतं?" त्यांचे साहेब ओरडले आणि त्यांनी थेट बंगल्याच्या मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, "रशीद, दुपारपर्यंत चेन मिळाली नाही, तर खोली रिकामी कर."

पोरीची परीक्षा तोंडावर. जायचं कुठं?

साहेबांनी खोलीतला डबा न् डबा उपडा केला. तांदूळ जमिनीवर! भाभी भिंतीला टेकल्या. माझं डोकंच फिरलं. "हळू सांडा, खायचे आहेत ते!" मी ओरडले. रशीदभाई मात्र खाली बसून तांदूळ गोळा करायला लागले.

शेवटी चेन निघाली बाईंच्याच ओल्या स्विमिंग कॉश्चुममधून.

"सॉरी हं! पण डाऊट येणारच ना!" बाई हसल्या. सामान गाडीत गेलं. साहेबांनी किल्ली बोटावर फिरवत रशीदभाईंना बाय केलं.

रशीदभाई गाडीमागं जाऊन उभे राहिले.

"साहेब, डिकी उघडा."

"काय?"

"बाथरूममधले टावेल दिसंनात."

"आमच्यावर वहीम घेता?"

"छे वो! निस्तं बघतो."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी डोंगराकडे बघितलं.

आणि साहेबांना गाडीची किल्लीच सापडेना!