छावणीतली नाचरी घोडी

त्या दुष्काळात पाटोद्याकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली आणि चारा-पाण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. लोक लग्नं घरच्या घरी उरकत होते. वरातीच्या एका घोडीवाल्यानं आपली पांढरी घोडी कुंपणाच्या खांबाला बांधली आणि गेला तो गेलाच. तिच्या बरगड्या दिसत होत्या, पाठीवर वळ होते.

सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "छावणी गाई-म्हशींची हाय. ऱ्हाऊ द्या हिला. पण पीत नसंल तर दुसऱ्याच्या तोंडचं पाणी तिच्यापुढं वाया घालू नका."

आणि ती खरंच पीत नव्हती. कुणी जवळ नसलं की चार घोट, तेवढंच. चाऱ्याला आलेल्या उसाच्या हिरव्या वाढ्यालाही तोंड लावेना.

मी जन्मभर म्हशी सांभाळलेला. बादली वाजवली की म्हैस समजते, पाणी आलं. तेच मी केलं. बादली ठोकत गेलो आणि घोडी नाचायला लागली. मान वाकवून, पाय उचलून, बरोब्बर ठेक्यात. छावणी हसली. मलाही वाटलं, चला, ओळखायला लागली! मग मी रोज वाजवू लागलो. रोज ती नाचायची आणि बादली तशीच भरलेली राहायची. चौथ्या दिवशी नाचता नाचता तिचे पाय लटपटले. माझं डोकंच फिरलं. "मर मग!" म्हणून ओरडलो.

बायको माझी भाकरी घेऊन आली होती, ती हे बघत होती. म्हणाली, "अवो, ही खुशीत न्हाई. कान बघा तिचे, थरथर कापायलीय. आवाज झाला की नाचायचं, न्हाईतर चाबूक, एवढंच ठावं हाय तिला. कशापायी वाजवता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस मी त्या तहानलेल्या जिवाला पाणी दाखवून नाचवत होतो.

मग बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळली, खाली पोतं घातलं. बादली ठेवायची आणि तिच्याकडे पाठ करून बसायचं. काही उपयोग होईना. आता ही आडवी पडली तर उठायची नाही, हे मला दिसत होतं. बसल्या बसल्या मी तिला शिव्या घालायचो, मग लगेच हातापाया पडायचो. "पी गं बये. लई चुकलं माझं. पी."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दुपारी मानेवर गरम श्वास लागला. मग पाणी ओढल्याचा आवाज आला. मी हललो नाही. डोळे मात्र वाहत होते.

तेवढ्यात गावाचा टँकर आला. बायाबापड्या हंडे-कळश्या घेऊन धावल्या, भांड्यावर भांडं आपटून एकच गदारोळ उठला. माझ्या पाठीमागं टापा सुरू झाल्या. सगळं पाण्यात गेलं असं वाटून मी वळून बघितलं.

तिचे पाय नाचत होते. तोंड मात्र तिनं बादलीतून काढलं नव्हतं.