मातीच्या विटा

भरमाण्णा कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी त्याच्या कानफटात मारायचा. कॉम्प्युटरला कानफट नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण अण्णाचा हात पडून त्या पत्र्याच्या डब्याला जिथं पोचा पडला, तिथं त्याचं कानफट, असा आमच्या स्टुडिओतला रिवाज होता. सलामी झाल्याशिवाय कुस्ती लागत नाही, असं त्याचं म्हणणं. आमचा स्टुडिओ वडगावात, दोन्ही अंगांना यंत्रमाग खडखडत असायचे. ती थप्पड माग ओलांडून पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची आणि तिथली कुत्री उठून जागा बदलायची.

अण्णा मूळचा निपाणीकडचा, तरुणपणी पैलवान. कान फुटून फुलकोबीच्या गड्ड्यासारखे झालेले. मान नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवून दिलेलं. गुडघा गेला, आखाडा सुटला, तेव्हा तो कुस्त्यांचं आणि लग्नांचं शूटिंग करू लागला. मी कॅमेरा धरायचो, तो कॉम्प्युटर चालवायचा. चालवायचा म्हणजे हाणायचा. एकदा एका नवरदेवाच्या मामानं ‘फिल्म आत्ताच्या आत्ता पाहिजे’ म्हणून टेबलावर मूठ आपटली. अण्णानं मामाला बगलेत धरून उचललं आणि माळ्यावर ठेवलं. फिल्म होईतो मामा वरच होता. त्याचं जेवण आम्ही शिडीनं पोचवलं.

तशी मामाची घाई वाजवी होती. शूटिंगची अवाढव्य फाइल दाबून मोबाईलवर जाईल एवढी करायच्या आमच्याकडे दोन वाटा. ग्राफिक्स कार्डावर टाकली तर चहा येईतो काम फत्ते. प्रोसेसरवर, तेही अण्णाच्या पसंतीच्या सावकाश चालीनं टाकली, तर पंखा किंचाळायचा, डबा तापायचा आणि त्यावर शेजारची आक्का पापड भाजून न्यायची. तरी अण्णाचा जीव प्रोसेसरवर. म्हणायचा, “कार्ड म्हंजे एकच डाव शिकलेला गडी. लई झटक्यात लावतोय, पर तेवढाच लावतोय. प्रोसेसर तालमीतला हाय. अंग चाचपतोय, दम खातोय, आणि ज्याला जसा लागंल तसा डाव काढतोय.”

खरी गोची मातीची होती. नवरी लाजली, हार घातला, एवढं कार्डाला झेपायचं. कुस्तीत लाल माती उडते, कण न् कण वेगळ्या दिशेनं पळतो. फाइल लहान ठेवायची म्हटली की कार्ड तिथं हात टेकायचं आणि मातीच्या जागी चौकोनी ठोकळे उमटायचे. अण्णा त्यांना विटा म्हणायचा. “पैलवान कुस्ती खेळालाय का गवंडीकाम कराय लागलाय?” असं विचारून तो पुन्हा डब्याच्या कानफटाकडे वळायचा. हल्लीची कार्डं फार सुधारली, असं म्हणतात. मी ते अण्णासमोर कधी म्हटलं नाही. मला माळा मानवत नाही.

लाइव्ह दाखवताना मात्र त्यालाही कार्डच लागायचं. प्रोसेसर त्याच्या चालीनं गेला असता तर गडी घरी जाऊन जेवल्यावर लोकांना सलामी दिसली असती. “लाइव्ह म्हंजे वरातीतला नाच,” तो म्हणायचा. “तिथं डाव कोण बघतंय?”

अण्णाच्या गावच्या जत्रेत मात्र एक डाव सगळ्यांनी बघितला. शेवटची कुस्ती सिदरामची. हा गडी अण्णानं स्वतः घडवलेला, पोटच्या पोरासारखा. समोर नदीपलीकडच्या गावचा पैलवान, म्हणजे उभा ट्रॅक्टर. दोघांनी एकमेकांच्या मानेवर असे गुद्दे घातले की हलगीवाला ताल चुकला. सिदरामचं नाक फुटलं, रक्तानं माती भिजली. मग पलीकडच्यानं घिस्सा डाव मारला, मातीचा लोट उठला आणि पंचानं सिदराम चीत झाल्याचं जाहीर केलं.

आता गंमत बघा. मैदानात समोर बसलेले लोकही मोबाईलवर आमचं लाइव्ह बघत होते. तिथं सिदरामच्या खांद्याखाली निव्वळ विटा. अण्णाचं गाव म्हणालं, खांदा अधांतरी आहे. पलीकडचं गाव म्हणालं, टेकला आहे. दोन्ही गावं एकाच विटेकडे बोट दाखवत होती. पहिली खुर्ची पंचाच्या डोक्यात बसली. मग दगड आले, काठ्या आल्या. हलगी फाटून हलगीवाल्याच्याच गळ्यात अडकली. दात असे सांडले की पुढच्या जत्रेला माती चाळून घ्यावी लागली.

आमचा कॉम्प्युटर मैदानामागं टेम्पोत होता. अण्णानं आतून कडी लावली आणि मूळ फाइल सावकाश चालवली. सिदरामचे दोन्ही खांदे मातीत रुतलेले, स्वच्छ. अण्णा नुसता कान चोळत राहिला. चार जाणत्यांना मी आत घेऊन ते दाखवलं. त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं, तर त्यांनाच दगड बसले. मोबाईलवर दिसेल तेच खरं, अशी वेळ. आणि तिथली रेंज म्हणजे आजारी माणसाची नाडी. फाइल लहानच हवी.

मी अण्णाला हळूच म्हटलं, कार्डावर टाकू. लगेच होईल. पुन्हा विटाच येतील, ज्याला जे बघायचंय ते तो बघेल, सिदरामची अब्रू राहील आणि आपण जिवंत घरी जाऊ.

“पोरगं पडलंय,” अण्णा म्हणाला. “पडलेलं दिसू दे. विटांत गाडू नगं.”

प्रोसेसर सुरू झाला आणि पंखा किंचाळायला लागला. बाहेर अण्णाच्याच गावात आवई उठली की अण्णा आत चित्रात फेरफार करतोय. काठ्या टेम्पोकडे वळल्या. अण्णा खाली उतरला, दाराला पाठ लावून उभा राहिला. पहिला आला त्याला त्यानं टेम्पोच्या टपावर फेकला. दुसऱ्याला पहिल्याच्या सोबतीला धाडला. पण गाव कितीदा फेकणार? एक काठी त्याच्या उजव्या खांद्यावर मोडली, आतलं हाडही मोडलं. दुसरी डोक्यात बसली. ती त्याच्या सख्ख्या चुलतभावाची. रक्तानं एक डोळा भरला. अण्णा दारावरून हलला नाही. एवढंच म्हणत होता, “थांबा रं. अजून व्हायचं हाय.”

झालं एकदाचं. मी फाइल धाडली आणि खिशाखिशात मोबाईल वाजू लागले. मातीचा कण न् कण मोजून घ्यावा असं चित्र, आणि त्यात सिदराम सपशेल चीत. एकेक काठी खाली गेली. गर्दीतून सिदराम पुढं आला. त्यानं अण्णाच्या रक्ताकडे बघितलं, पायाशी थुंकला आणि चालता झाला. तालीम सोडली, मच्छे गावच्या एका कारखान्यात लागला. अण्णाशी पुन्हा बोलला नाही.

अण्णाचा उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर गेला नाही. तो डाव्या हातानं मारू लागला, आणि डब्याला दुसऱ्या बाजूनं पोचा पडला. सिदरामचं नाव निघालं की म्हणायचा, “माती खोटं बोलत न्हाय. त्याला जरा येळ लागंल.”

गेल्या वर्षी अण्णा गेला. कॉम्प्युटरला मारायला हात उचलला आणि तसाच गेला, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे झोपेत गेला. पण ते त्याला शोभलं नसतं. लांबच्या नातलगांसाठी मी अंत्यविधी लाइव्ह दाखवला. कार्डावरूनच. धूर आणि जाळ म्हणजे मातीचे थोरले भाऊ. सगळ्या विटाच विटा.

तिसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दारात सिदराम उभा. अंगावर कारखान्याचा गणवेश. मोबाईल पुढं केला.

“अण्णाचं तोंड दिसलं न्हाय मला,” म्हणाला. “निसत्या विटा हायत.”

मी म्हटलं, मूळ फाइल आहे. कार्डावर टाकतो, लगेच होईल.

त्यानं स्टूल ओढलं. डब्याकडे बघितलं, आणि जुन्या पोच्यावर नेमकी एक थप्पड ठेवून दिली. पलीकडच्या गल्लीत कुत्री उठली.

“प्रोसेसरवर टाक,” म्हणाला. “मी बसतो.”