आतोबांचा अर्धा सिनेमा

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या आतोबांइतके सिनेमे पाहिलेला माणूस नव्हता, आणि एकही सिनेमा पुरता न पाहिलेला माणूसही त्यांच्याशिवाय दुसरा नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वडील माझे लहानपणीच गेले, तेव्हा आत्याने मला अमरावतीला आपल्या घरी आणलं आणि तिथेच मी वाढले. गावाबाहेर आतोबांचा संत्र्याचा बगीचा होता, थोडा भाजीपाला होता. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि सिनेमे नुकतेच बोलायला लागलेले. टॉकीजवर नवा खेळ लागला की आतोबा त्या दिवशी मोट लवकर सोडायचे, डोक्याला धुतलेला फेटा बांधायचे आणि आत्याला, त्यांच्या दोन पोरांना आणि मला घेऊन पहिल्या खेळाला हजर.

आता अर्धा कसा, ते सांगते. पडद्यावर नवरा-बायकोची ताटातूट व्हायची, सासू छळायची, दिवाणजी कपट करायचा, तोवर आतोबा खुर्चीच्या टोकावर. नुसते बसायचे नाहीत, मोठ्याने सल्ले द्यायचे. "बाई, ते दूध पिऊ नको! त्यात कालवलं त्यानं काही तरी, मी पाह्यलं!" मग केव्हा तरी गैरसमज मिटायचे, दोघं भेटायची, एखादं गोड गाणं सुरू व्हायचं. की आतोबा उठले. "चला रे. सुखात हायेत. आता कायले बसाचं?" पुढे रिळं किती का राहिलेली असेनात, मागच्या लोकांनी कितीही आरडाओरडा करो, आमची वरात त्यांच्या छत्रीमागून अंधारात चाचपडत बाहेर. आत्या बिचारी दारापर्यंत मान मागे वळवून चालायची. "माझ्या जन्मात एकीचाही संसार शेवटाला गेलेला पाहिला नाही हो मी," म्हणायची.

याला त्यांचं शास्त्र होतं. संत्र्याच्या बागेचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड सुकल्यासारखं होतं, मग पाणी सोडलं की फुलांनी भरून येतं. "पोरीले ताण देल्ला," आतोबा सांगायचे, "बहार आला. झालं का नाही? आता पुन्हा कुऱ्हाड घेऊन कायले जाता झाडाकडे?" त्यामुळे त्यांच्या हिशेबी सिनेमात कोणी मरतच नसे. बाजारात भाजी घ्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, "अहो, ती तर शेवटी विष घेते." आतोबा मेथीची जुडी झटकून म्हणायचे, "माह्यासमोर तं जित्ती होती." जी बाई हो म्हणेल तिला वर चार लिंबं. आमच्या भागातल्या कित्येक बायका त्या लिंबांपायी नट्यांना जिवंत ठेवत.

नटांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. शेतातला देखावा आला की ते नायकाच्या पाठीमागे पाहायचे. नायिका मोसंबीखाली उभी राहून श्रावणाचं गाणं म्हणत होती, तर आतोबा म्हणाले, "झाडावर आंब्या बहार हाय, माघातला, अन् ही म्हणते पाऊस पडून राहिला. कोन्या गावची म्हणा ही?" एका खेळाला मी विचारलं, काम कसं झालं? विचार करून म्हणाले, "माणसं तशीच होती. डाव्या बाजूच्या बैलानं चांगलं केलं."

तर अशा या माणसाच्या हातात माझं लग्न होतं.

स्थळ अकोल्याचं होतं. आमच्यातलेच लोक, पण मुलाचे वडील शेती सोडून शाळामास्तर झालेले. बोलणं अगदी छापील. एका रविवारी सकाळी बाप-लेक मला बघायला आले. मुलाने संत्रं सोललं आणि बिया जमिनीवर न टाकता मुठीत धरून ठेवल्या, कारण समोर ताटली नव्हती. सगळा वेळ ती मूठ मिटलेली. मला तेवढंच दिसलं, कारण मान वर करायची सोय नव्हती, पण तेवढं पुरलं. माझ्या मनाने होकार देऊन टाकला. मास्तरांनाही मी पसंत पडले असावे. तबकात सुपारी ठेवली, अडकित्ता आला. सुपारी फुटली की लग्न ठरलं. एवढ्यात मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, धीर करून मला विचारलं, "इतक्यात कोणता सिनेमा पाहिलात?"

मी त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमाची गोष्ट सांगितली. कुंभाराची मुलगी, परदेशी गेलेला नवरा. मास्तर एकदम खुलले. "वा! आमच्याकडे मागच्या महिन्यात येऊन गेला तो. काय तो शेवट! नवऱ्याच्या मांडीवर ती प्राण सोडते, तेव्हा माझा रुमाल भिजला."

आतोबांच्या हातातला अडकित्ता थांबला. "कोनं सोडला प्राण?"

"नायिकेनं."

"मास्तर, काही तरी घोटाळा होऊन राहिला. नवरा घरी आला, पोरगी हासली, दोघंही गानं म्हनत होते. तब्येत ठणठणीत होती तिची."

"त्यानंतर ज्वर येतो तिला."

"माह्यासमोर नाही आला."

"अहो, मी चार वेळा पाहिलाय!"

"मंग चारही वेळा तुमी जास्त बसले."

मास्तर लालबुंद झाले. ते उठलेच. "ज्या घरात खेळ अर्ध्यावर टाकून उठतात, त्या घरची मुलगी उद्या संसार अर्ध्यावर टाकून येणार नाही कशावरून? अन् मले खोटं पाडून राहिले का तुमी?"

"पाहा, आले मास्तर आपल्या भाषेवर!" आतोबा खुशीत ओरडले. पण मास्तरांनी टोपी उचलली होती. मला वाटलं, कुठून त्या सिनेमाचं नाव काढलं!

आत्या दारातून म्हणाली, "तीनचा खेळ आहे. दोघंही जा, पाहून या. सुपारी कुठे पळून जात नाही."

आतोबा फेटा घ्यायला आत आले. मी चुलीपाशी डोळे पुसत होते. माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "पोरी, पोरगा पसंत हाय काय?" मी मान हलवली. त्यांनी खुंटीवरचा फेटा काढून घट्ट आवळून बांधला. "मंग बसतो," म्हणाले.

पुढचं मला ह्यांनी सांगितलं, कारण तेही बरोबर गेले होते. नवरा परत आला. गाणं सुरू झालं. आतोबांचे गुडघे सवयीने उठायला लागले, तर त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरून स्वतःला खाली दाबलं. गाणं संपलं. नायिका खोकली. "वैद्याले बलाव ना रे!" आतोबा ओरडले. पडद्यावरच्या नवऱ्याने कुठलं ऐकायला! ती मेली तेव्हा आतोबांनी फेटा सोडून तोंडाला लावला आणि असे रडले की पुढच्या ओळीतल्या लोकांनी पडदा सोडून मागे पाहिलं. "बघितलंत?" हा शब्द मास्तर सकाळपासून तोंडात घोळवत होते. त्यांनी तो गिळला आणि आपला रुमाल पुढे केला.

खेळ सुटल्यावर तिघं टांग्यात बसले. मग मास्तर म्हणाले, "खरं म्हणजे त्याच दिवशी तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं."

"बैल दारातच बांधले होते!" आतोबा उसळले. "मी पाह्यले ना!"

"वाटेत नदी होती."

"उतार असते नदीले. माह्यासारख्याले विचारलं असतं तं दाखवला असता."

टांगा आमच्या दारात येऊन थांबला तरी दोघं उतरेनात. मी खिडकीआड उभी. बाहेर आपलं चाललंय: दवाखान्यात नेली, ताप उतरला, थोरला मुलगा झाला. शेवटी टांगेवाला म्हणाला, "उतरता का बापा, घोडं उपाशी हाय." तेव्हा कुठे दोघं आत आले. दोघांचेही डोळे सुजलेले. "सुपारी कुठं हाय?" आतोबा म्हणाले. "मास्तर, तुमीच फोडा. तुमचं खरं होतं."

लग्न झालं, मी अकोल्याला आले. सिनेमाचे डबे आमच्याकडून पुढे अमरावतीला जात, त्यामुळे दर नव्या खेळानंतर मास्तर, म्हणजे आता माझे मामंजी, दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टकार्ड लिहायला बसत. वळणदार अक्षर, शुद्ध भाषा. "चौथे पद संपताच उठावे. पुढे क्षयरोग आहे." किंवा, "निर्धास्तपणे अखेरपर्यंत बसावे. सासू सुधारते." उत्तरादाखल बडनेऱ्याच्या स्टेशनावरून संत्र्यांची करंडी यायची. सासू सुधारलेली असली तर मोठी. आत्याने त्या कार्डांच्या आधारावर पहिल्यांदा संसार शेवटाला गेलेले पाहिले आणि मामंजींना मनापासून दुवा दिला.

अशी कितीतरी वर्षं कार्डं गेली. मग एका हिवाळ्यात मामंजी गेले. दिवसवार उरकल्यावर महिना-दोन महिन्यांनी आतोबा न कळवता अकोल्याला आले. थकले होते. हातात करंडी. म्हणाले, "नवा खेळ लागला म्हणतात. येतं काय?" ते तिकिटं काढायला गेले आणि तीन घेऊन आले. मधल्या खुर्चीवर त्यांनी करंडी ठेवली, एका बाजूला ते बसले, दुसऱ्या बाजूला मी. गर्दी होत गेली. दिवे मंद व्हायला लागले तेव्हा एक गृहस्थ वाकून विचारू लागले, "काका, ही जागा रिकामी आहे का?"

आतोबांनी करंडी जराशी आपल्याकडे सरकवली आणि दाराकडे पाहत म्हणाले, "नाही बापा. माणूस येऊन राहिला."