मामांचा सुटलेला बैल

मामा गेले त्या दिवशी दिल्लीत माझा शेवटचा पेपर होता. घरच्यांनी पेपर झाल्यावर कळवलं. मी गावी पोचले ती तिसऱ्या दिवशी.

'सर्वांची संमती' या दोन शब्दांपायी स्वतःचे इतके हाल करून घेणारा माणूस अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात दुसरा नसेल. आमच्या गावची ग्रामसभा हात मोजत नाही. एकजण जरी 'नाही' म्हणाला तरी ठराव थांबतो आणि पुन्हा बसावं लागतं. गाव हा नियम बांबू आणि तळ्यापुरता पाळायचं. मामांनी तो घरात आणला. कोणती भाजी करायची यावर मामी, मी आणि ते यांचं जमलं नाही, की त्या दिवशी नुसता भात आणि मीठ. एकदा नागभीडहून येताना पावसाची झड आत येऊ लागली, तर बसची खिडकी लावण्याआधी त्यांनी पुढच्या-मागच्या प्रत्येकाला विचारलं. सहमती झाली तेव्हा आरमोरी आली होती आणि सगळेच भिजले होते. "पन भांडन झालं का कोनाचं?" मामा धोतराचा सोगा पिळत म्हणाले.

माझे आईवडील लवकर गेले. मला मामांनीच वाढवलं. बारावीनंतर मला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचं होतं. गडचिरोली, नागपूर की दिल्ली, एवढाच प्रश्न होता. मला दिल्ली हवी होती. तिथल्या यादीत नाव लागलं होतं आणि प्रवेश पक्का करायला आठवडा उरला होता. मामांनी विषय सरळ ग्रामसभेत ठेवला, तेंदूपत्ता आणि तळ्याचा गाळ यांच्या मधोमध. मला मान वर करवेना.

"राजकारन शिकाले दिल्ली काऊन?" एक म्हातारे म्हणाले. "इथी कमी हाय का?"

लोक हसले. शेजारची बुधाबाई मात्र अडून बसली. "भाऊ, पोरगी वापस येईन का?"

मामा चपलेचा अंगठा नीट करत राहिले.

दुसऱ्या बैठकीत बुधाबाईही राजी झाली. तिसरी बैठक ठराव लिहिण्याची; तीत हजर असलेल्या प्रत्येकाला 'हो की नाही' विचारून सही घेतात. तिला मामा आलेच नाहीत. बैल सुटला, शोधायला जातो, असा निरोप आला. एकही सभा न चुकवणारा माणूस नेमका माझ्याच दिवशी चुकला, याचा मला राग आला. निघताना मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. पुढे राग निवळला आणि फोनवर थट्टा सुरू झाली. "मामा, सापडला का बैल?"

"शोधून राह्यलो, बाई," ते म्हणायचे. दर वेळी तेच.

तेरावं झालं, पाहुणे गेले, तेव्हा मामी बोलली. "बैल गोठ्यातच होता. ते सभेत बसले असते तं 'नाई' म्हनले असते, पोरी. तुले धाडाले त्यायचं मन मानत नोहतं. खोटं 'हो' त्यायले जमत नोहतं. आन् त्यायच्या एका 'नाई'नं तू इथीच राह्यली असती."

मी ग्रामसभेचं रजिस्टर मागून आणलं. त्या पानावर ठराव आहे: मुलीने दिल्लीला शिकावे, सर्वांची संमती. खाली गावाच्या सह्या आणि अंगठे आहेत. मामांची सही नाही.