दोन कोरचा कॉम्प्युटर आणि वैशाखऱ्याची एसटी

मुरबाडला माझं लग्नपत्रिका तयार करून द्यायचं दुकान होतं. आधी टाइपरायटरवर लोकांचे अर्ज टाइप करायचे. पुढे जुना कॉम्प्युटर घेतला आणि पुस्तक समोर ठेवून आपली आपण शिकले. काम तसं सोपं. अवघड एवढंच, की गिऱ्हाइकं बहुतेक वैशाखऱ्याच्या वाटेवरच्या गावांची, आणि तिकडे जाणारी शेवटची एसटी सव्वापाचला सुटायची.

आता आपल्याकडे पत्रिका करायला एकटा माणूस कधी येतो का? नवऱ्या मुलाचा बाप येतो, काका येतो, मामा येतो, आणि कोणाचं नाव राहिलं हे सांगायला एक आत्या येते. पत्रिका डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायचं नाही. माझा कॉम्प्युटर पत्रिकेच्या डोक्यावरचा गणपती पडद्यावर उमटवायलाच इतका वेळ घ्यायचा, की मंडळी हात जोडून बसायची. एसटी निघून जायची. मग सगळे माझ्या घरी जेवायला आणि झोपायला. एका लग्नसराईत अशी पाच घरची माणसं आमच्या पडवीत झोपून गेली.

चूल थोरल्या जाऊबाईंच्या हातात. एक दिवस त्या म्हणाल्या, "गो, नवीन मशीन आण. येत्या लग्नसराईत परत माणसं झोपायला आली तर दुकानाला टाळं. नायतर खानावळीची पाटी लाव." त्या चेष्टा करत नव्हत्या. टाळं त्यांनी काढून खुंटीला अडकवलंही होतं.

कल्याणला निघाले तर त्याही आल्या. दोन हजार सालानंतरची सहा-सात वर्षं उलटली असतील, बाजारात तेव्हा दोन कोरचे, म्हणजे काम करणारी दोन डोकी असलेले, प्रोसेसर नवे होते. दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. "ताई, किंमत सारखीच. ह्याला कोर एक, पण पळतो जोरात. ह्याला कोर दोन, पण एकेक जरा हळू."

मला काही ठरवता येईना. जाऊबाईंनी लगेच ठरवलं. "एकटी बाई कितीबी चपळ असू दे, भाताच्या आवणीला, रोपं लावायला, दोघी बऱ्या. एकीनं पाठ सरळ केली तरी खाचर थांबत नाय."

"मावशी, ही आवणी नाही हो," दुकानदार म्हणाला. त्याने मला पत्रिकेचा प्रोग्राम कोणता ते विचारलं. मी सांगितलं. "एवढा जुना? मग जोरात पळणारा घ्या."

"बघ गो, जुना माल गळ्यात मारतोय," जाऊबाई त्याच्यासमोरच म्हणाल्या. त्याला बहुतेक सवय होती.

दोन कोरचा घेतला. जीपमध्ये खोकं जाऊबाईंच्या मांडीवर होतं, मुरबाडपर्यंत त्यांनी कोणाला टेकू दिलं नाही.

पहिली मंडळी त्याच वाटेवरच्या टोकावड्याहून आली. गणपती जरा लवकर उमटला. पण आत्याला एक नाव आठवलं, की सगळं पान हलायचं आणि पुन्हा नीट बसेपर्यंत आम्ही सगळे पडद्याकडे बघत. त्यांची एसटी गेली. रात्री जेवायची सात पानं वाढली, आणि जाऊबाईंनी टाळ्याला तेल घातलं.

सकाळी मी कल्याणच्या दुकानदाराला फोन केला. "ताई, तुमचा प्रोग्राम एकाच कोरवर चालतो," तो म्हणाला. "दुसरा कोर रिकामाच बसणार."

जाऊबाई वाल सोलत होत्या. त्यांना सांगितलं.

"म्हंजे एक आवणी करते नि दुसरी बांधावर बसते?"

"हो."

"नि मजुरी दोघींची?"

"हो."

त्यांनी बरेच वाल सोलले. मग म्हणाल्या, "बांधावर बसलेलीनं राबात उगवलेली रोपं उपटून लावणारीसाठी मुठी तरी बांधाव्या."

मी दुकानात जाऊन ते करून बघितलं. पत्रिकेचा प्रोग्राम चित्र बसवत असताना साधा टायपिंगचा प्रोग्राम बाजूला उघडला आणि नावं तिथे टाइप केली. अडकलं नाही, दुसरा कोर कामाला लागला. फक्त नावांचा क्रम आधी पक्का हवा, म्हणजे सगळी यादी एकदाच उचलून पत्रिकेत ठेवता येईल. आणि तो क्रम पक्का होणं हे कुठल्याच कोरचं काम नव्हतं.

पुढच्या खेपेला वैशाखऱ्याची आठ माणसं आली. जाऊबाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावरच धरलं. लिहिता त्यांना जेमतेम यायचं, म्हणून कागद-पेन त्यांच्यातल्याच एकाच्या हातात दिलं, पण कोणाच्या घरात कोण थोरला ते जाऊबाईंना तोंडपाठ. आतून मला ऐकू येत होतं.

"मामा काकाच्या खाली."

"मामा रुसेल, आक्का."

"रुसू दे. मी सांगितलं म्हणावं."

आत्याने तीन नावं आठवून दिली. जाऊबाईंनी चौथं सांगितलं, तशी आत्या पिशवी आवरायला लागली. यादीचा कागद आत आला. साडेचारला पत्रिका त्यांच्या हातात होती. पाचला मंडळी स्टँडवर उभी होती, आणि एसटी अजून लागलीसुद्धा नव्हती.

घरी गेलो तर मोठ्या टोपात आठ जणांचा भात जास्तीचा. जाऊबाईंनी दुकानात येण्याआधीच शिजवून ठेवला होता. दोन दिवस आम्ही फोडणीचा भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी खाताना त्या म्हणाल्या, "तो कल्याणवाला खोटं नव्हता बोलत."

मी मान हलवली.

"पण दोघी बऱ्या," असं म्हणून त्यांनी मला आणखी भात वाढला. टाळं खुंटीवर होतं, ते त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं.